सहा तासांची बाटली

४ मार्च

धाकट्या,

आशीर्वाद आहेतच, ते काही कुठे पळून जात नाहीत, म्हणून सरळ मुद्द्यावर येते. अकरा वर्षांनी ताईचं पत्र आलं म्हणून दचकू नकोस, घरात कोणी गेलेलं नाही. फोन केला असता, पण फोनवर आपण दोघं दोन मिनिटांत भांडतो. पत्रात तुला मधे बोलता येत नाही, हा एक फायदा.

हे पत्र मी सिस्टरच्या पायी लिहितेय. सिस्टर म्हणजे आमच्या दवाखान्यातली सुई देणारी बाई. हातात सुई असली की गाय, सुई खाली ठेवली की वाघीण. तिने पंधरावीस माणसं जमवलीत, पुठ्ठ्याचे फलक रंगवलेत, आणि दर गुरुवारी ही मंडळी दवाखान्याच्या फाटकाशी उभी राहून घोषणा देतात. लस सगळ्यांना मिळाली पाहिजे म्हणून. मला असले तमाशे आवडत नाहीत. उन्हात उभं राहिल्यामुळे कोणाला लस मिळाली, असं एकतीस वर्षांत मी तरी पाहिलं नाही. पण त्या मानेच्या तापाची लस जी एकच कंपनी करते, तिथे माझा सख्खा भाऊ आहे, आणि दुसऱ्यांना ती करायचे परवाने द्यायचे की नाही ते बघणाऱ्या खात्यातच बसतो, हे तिला कुठून तरी कळलं. तेव्हापासून हात धुऊन मागे लागलीय.

मी अजून तिथेच आहे, लसीच्या थंड खोलीत. दोन ते आठ डिग्री. सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा काटा बघायचा, तक्त्यावर लिहायचं, दार घट्ट लावायचं. बाकीच्या लशी येतात. तुमच्या लसीचा कप्पा मात्र सात महिने रिकामा आहे. वरून हुकूम आला म्हणून त्याला नावाची चिठ्ठी लावलीय. रिकाम्या कप्प्याचं तापमान रोज लिहिते मी. पाच डिग्री. चार डिग्री. अगदी ठणठणीत आहे कप्पा.

ताप सध्या बसच्या रस्त्याने तीन गावं पलीकडे आहे. पोरांची मान ताठते, मग शुद्ध जाते. वाचतात त्यातल्या काहींचे डोळे जातात, काहींचे कान. तुला माहीत असेलच, तुमचं तर दुकानच त्यावर चालतं.

सिस्टर म्हणते, इथल्या कारखान्यात यंत्रं आहेत, माणसं आहेत. तुम्ही कृती दाखवलीत आणि परवानगी दिलीत तर चार महिन्यांत लस इथेच तयार होईल. तो कागद तुझ्या टेबलावरून जातो म्हणे. खरं की खोटं तूच सांग. मी काही मागत नाही. फक्त विचारतेय, होणार आहे का, आणि कधी.

सही करायला तिने मलाही सांगितलं होतं. मी नाही केली. भावाच्या विरोधात सही करण्याइतकी मी अजून बिघडलेली नाही.

ताई

ता. क. माझी नात तू पाहिलेली नाहीस. सहा वर्षांची आहे. एका जागी बसत नाही म्हणून भिंगरी म्हणतो. लसीचा एकही डोस तिला मिळालेला नाही. आता कळलं ना मी का लिहितेय.


२१ मार्च

धाकट्या,

तुझं उत्तर मिळालं. टाइप केलेलं, वर 'आदरणीय महोदया', खाली तुझी सही. 'विषय योग्य पातळीवर विचाराधीन आहे.' मी सातवी नापास आहे, पण एवढं मला कळतं. याचा अर्थ नाही. ज्या बहिणीने तुझं नाक पुसलं तिला महोदया म्हणताना तुझ्या हाताला काही झालं नाही का रे?

असो. इथली बातमी. कोणत्या तरी बड्या देशाने उरलेल्या लशी आमच्याकडे पाठवल्या. तीन हजार डोस, मुदत संपायला नऊ दिवस. त्यांच्या पोरांचं झालं, म्हाताऱ्यांचं झालं, आता फेकायचं तर निदान पुण्य तरी पदरात पडू दे, अशातली गत. पेट्यांवर त्यांचा झेंडा चिकटवलेला. फोटो काढायला माणसं आधी आली, लस मागून.

तीन हजारांत काय होणार. म्हणून साहेबांनी नियम काढला, पाच वर्षांच्या आतल्यांनाच. आणि फाटकावर मला उभं केलं. मला कोणी बोलण्यात गुंडाळत नाही आणि रडण्याने तर मुळीच नाही, हे साहेबांना ठाऊक आहे. जन्माचा दाखला बघायचा, आत सोडायचं, नाहीतर परत. तीन दिवस उभी होते. एका बाईने पाच वर्षं नि चार दिवसांच्या पोराला कडेवर घेऊन गुडघे पोटाशी दुमडायला लावलं होतं, लहान दिसावा म्हणून. त्यालाही परत पाठवलं.

दुसऱ्या दिवशी आमची सूनबाई भिंगरीला घेऊन आली. वेणी घालून, नवा फ्रॉक. सहा वर्षं दोन महिने.

"आई, तुम्हीसुद्धा?" म्हणाली.

"मी आहे म्हणूनच," म्हटलं. "माझी नात आत गेली तर मागच्या दोनशे जणींना कोणत्या तोंडाने अडवू?"

तिने दाखला माझ्या हातातून ओढून घेतला आणि गेली. आठवडा झाला, माझ्याशी कामापुरतंच बोलते. मुलगा दोघींच्या मधे पडत नाही, शहाणा आहे.

बाकी सगळं नीट पार पडलं. एक थेंब वाया गेला नाही, असं साहेबांनी वर कळवलंय.

ताप आता एक गाव पलीकडे.

ताई


३ एप्रिल

धाकट्या,

तुझा ऑफिसातला माणूस परवा निळी पेटी घेऊन आला. वर तुझी चिठ्ठी, 'ताई, घरच्यांसाठी.' हाताने लिहिलेली. तुझं अक्षर अजून ओळीवरून घसरतंच. ती चिठ्ठी मी दोनदा वाचली, कशाला खोटं बोलू. ही बाटली कशी मिळवलीस ते विचारणार नाही. नोकरी जाईल असं काही केलं असशील तर ते मला सांगूही नकोस.

काय झालं ते नीट ऐक. तुझ्या माणसाने गावात उतरल्या उतरल्या फोन केला, अकराला पोचतो म्हणून. दहा डोसची बाटली. घरात पोर एक. मी सिस्टरला सांगितलं.

"पहिली भिंगरी. उगाच लाजू नका," सिस्टर म्हणाली.

"लाजतंय कोण? बाकीचे नऊ डोस कोणाच्या दंडात घालायचे ते बोल."

"तुमच्या जिन्यावरची पोरं मोजा."

मोजली तर अकरा निघाली, भिंगरी धरून. सगळ्यांत मोठ्याच्या आईला जाऊन सांगितलं, तुझा राहिला. तिने दार लावून घेतलं. चार शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

आता आमची एक सवय असते. पेटी उघडली की गार हवा जाते, म्हणून आधी माणसं गोळा करायची आणि मगच झाकण काढायचं. तसंच केलं. साडेदहालाच दहा पोरं, दहा आया, सगळे खालच्या अंगणात ओळीने. सिस्टरने टेबल मांडलं, कापूस काढला. तुझा माणूस आला, पेटी ठेवली, पाणी प्यायला, गेला. मी झाकण काढलं आणि बर्फाचा पॅक हातात घेतला.

दगड. धाकट्या, दगड होता तो.

फ्रीझरमधून काढलेला पॅक लसीला तसाच लावत नाहीत. टेबलावर ठेवायचा, त्याला घाम फुटू द्यायचा. कानाशी धरून हलवला की आत पाणी वाजलं पाहिजे. मगच पेटीत. हे आमच्याकडे पहिल्या आठवड्यात शिकवतात, झाडूवालीलाही पाठ आहे. तुमची लस उन्हाने बिघडते त्याहून लवकर बर्फाने मरते. तू चारही बाजूंनी दगड लावलेस आणि पाचवा वरून ठेवलास.

बाटली वर काढून हलवली. चांगली असेल तर दुधासारखी राहते. टेबलावर ठेवली आणि आम्ही सगळ्या बघत बसलो. पाच मिनिटांत वर स्वच्छ पाणी आणि तळाशी चोथा. पुन्हा हलवली. पुन्हा तेच. सिस्टरने एकदा माझ्याकडे बघितलं आणि कापूस परत डब्यात भरला.

सूनबाई म्हणाली, "द्या ना तरी. काय होईल? पाणी तर पाणी."

"पाणी टोचलं की आई निर्धास्त होते," मी म्हटलं. "निर्धास्त आई पोराला बाहेर सोडते."

"मग आता काय करायचं ते सांगा."

मी पेटीचं झाकण लावलं. आया आपापलं पोर घेऊन वर गेल्या. ज्याला मी यादीतून काढलं होतं त्याची आई गच्चीतून बघत होती. सुई टळली म्हणून भिंगरीला आनंदाने काय करू नि काय नको असं झालं. अंगणाला चार फेऱ्या मारल्या तिने.

तुझ्यावर रागावलेली नाही. माणूस मायेपोटी जास्त बर्फ घालतो, हे मला कळतं. पण एक सांग, जी कंपनी साऱ्या जगाला लस विकते तिथे अकरा वर्षं काढून तुला बर्फ कसा भरायचा हे कोणी दाखवलं नाही? बाटली तरी कधी हातात घेतली होतीस का आधी? की नुसते कागदच?

आणि पत्र बंद करायच्या आधी एक. आई शेवटच्या दिवसांत तुझं नाव काढत नव्हती, असं मी तुला फोनवर म्हणाले होते. काढत होती. रोज. मी रागात होते.

ताई


१६ एप्रिल

धाकट्या,

भिंगरीला मंगळवारपासून ताप आहे. काल सकाळी मान ताठली. वॉर्डात खाट नाही, दोन पोरांना एक खाट आहे. पायाकडे दुसऱ्या कोणाची मुलगी. औषध चालू आहे. मी बाहेरच्या बाकावर बसून लिहितेय. बसून बसून करणार काय? इथे माझ्या हाताला काम नाही. काटा बघायला नाही, दार लावायला नाही.

तुला एक सांगायचं राहिलं. राहिलं नाही, मी लपवलं.

त्या फाटकाच्या तिसऱ्या दिवशी शेवटची बाटली अकरा वाजता उघडली. सात पोरं होती, सातांना दिली, ओळ संपली. बाटलीत तीन डोस उरले. उघडलेली बाटली सहा तास चालते, मग फेकायची, असा नियम आहे. म्हणजे पाच वाजेपर्यंत. सिस्टरने विचारलं, "बोलवू का कोणाला?" मी म्हटलं, "पाच वर्षांच्या आतलं कोणी असेल तर बोलव." ती गेली.

घर दवाखान्यापासून बारा मिनिटांवर आहे. चालत.

मी त्या बाटलीसमोर पाच वाजेपर्यंत बसले. जेवायलाही उठले नाही. वाटत होतं, पाचच्या आतलं एखादं पोर उशिरा का होईना येईल. कोणी आलं नाही. फाटकातून मी इतकी परत पाठवली होती की त्या दिवशी त्या रस्त्याला कोणी फिरकलंच नाही. पाचला बाटली लाल डब्यात टाकली. वाया गेले, तीन, असं लिहिलं. साहेबांनी नंतर त्या तिनाचं शून्य केलं.

जो नियम तीन हजारांसाठी केला होता तो मी तीनांसाठीही पाळला. त्या वेळी मला ते बरोबर वाटलं. हे तुला मुद्दाम लिहितेय. बरोबर वाटलं.

सूनबाईला सांगितलेलं नाही. ती आत पोरीच्या उशाशी आहे. डॉक्टर येऊन गेले की कळवते.


७ मे

धाकट्या,

तुझे तीन फोन येऊन गेले ते दिसले. मी उचलले नाहीत. तुझं पत्र वाचलं.

भिंगरी जगली. पायाकडची मुलगी नाही.

भिंगरीला ऐकू येत नाही. दोन्ही कानांनी. आठवडाभर आम्हाला वाटत होतं की अशक्तपणाने उत्तर देत नाही. मग माझ्या हातून तिच्या मागे पातेलं पडलं. वॉर्डातली सगळी पोरं दचकली, ती चित्र काढत राहिली. डॉक्टरांनी तपासलं. आता परत येणार नाही म्हणाले. कानातलं यंत्र लावायचं का, मी विचारलं. त्याचाही उपयोग नाही. चांगले डॉक्टर आहेत, गोड बोलून झुलवलं नाही.

मी सूनबाईला ते तीन डोसांचं सांगितलं. स्वयंपाकघरात ती भांडी विसळत होती. सांगून झालं तरी विसळतच राहिली.

मग म्हणाली, "मला माहीत आहे. सिस्टरने त्याच संध्याकाळी सांगितलं होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही सांगाल म्हणून थांबले होते."

एवढंच. भांडली नाही. घर सोडून गेली नाही. मला रोज वेळेवर चहा देते. तुला वाटत असेल हे बरंय, तर तुला घर कळत नाही.

तू लिहितोस, 'ताई, माझ्या हातात काही नव्हतं. मी फक्त कागद पुढे सरकवतो. माझ्या वरच्यांच्याही हातात नाही, ते भागधारकांना बांधलेले आहेत.' बरं. माझ्याही हातात नव्हतं, मी नियमाला बांधलेली. साहेब म्हणतात, त्यांच्याही नव्हतं, डोसच तीन हजार आले. ज्या देशाने पाठवले ते म्हणत असतील, आम्ही दिले तरी. मग कोणाच्या हातात होतं तेवढं लिहून पाठव. नाव आणि पत्ता. मी भांडणार नाही, मला फक्त त्या माणसाला बघायचंय.

मी सही केली. सिस्टरच्या अर्जावर. आधी सगळा अर्ज वाचला, बोट ठेवून, दीड तास लागला. त्यात आकडे होते, कलमं होती, जगातल्या किती पोरांना मिळाली आणि किती राहिली, सगळं होतं. माझे तीन नव्हते. मी म्हटलं, ते घाल.

"हे तुमच्यावर शेकेल. नोकरीचे आठ महिने राहिलेत," सिस्टर म्हणाली.

"घाल. आणि नीट लिही. पोटभर असतं तर घास मोजावे लागले नसते. मोजायची वेळ आली की माझ्यासारखी बाई मोजतच बसते."

ते शेवटचं वाक्य तिने जसंच्या तसं लिहिलं. मग मी सही केली.

साहेबांनी बोलावून घेतलं. शून्याचं परत तीन कोणी केलं, विचारलं. मी म्हटलं, मी. आता चौकशी लागेल. लागू दे.

ताई


२४ जून

धाकट्या,

तुमच्या कंपनीचा निकाल कळला. यंदा परवानगी नाही, पुढच्या वर्षी फेरविचार. तुझ्या पत्राच्या आधी सिस्टरला कळलं होतं. तिने फलक भिंतीला टेकवून ठेवले आणि दिवसभर नेहमीसारख्या सुया दिल्या.

काल आम्ही तुमच्या इथल्या ऑफिसवर गेलो. अर्ज द्यायला. निघताना चाळीस जण होतो, पोचेपर्यंत तीस. इमारत चांगली आहे, काचेची, बाहेर कुंड्या. दारवानाने विचारलं, "भेट ठरलीय का?" सिस्टर म्हणाली, "दोन वर्षांपूर्वीच ठरायला हवी होती." त्याला विनोद कळला नाही, किंवा कळला आणि परवडला नाही. आत फोन लावला, बराच वेळ हूं हूं केलं, मग म्हणाला, वर कोणी नाही. आम्ही मान वर केली. वर खिडक्यांत माणसं उभी होती.

त्याने माझ्यासाठी खुर्ची आणली. "आजी, बसा."

"मी बसायला आले नाही," म्हटलं. पाच मिनिटांनी बसले. गुडघे माझं ऐकत नाहीत.

अर्ज घेतल्याची पोच द्यायला त्याच्याकडे शिक्का नव्हता. त्याने कागद आपल्या टेबलावर ठेवले आणि उडू नयेत म्हणून वर गार पाण्याची बाटली ठेवली. आमच्या डोळ्यांसमोर तिचं पाणी कागदांवर उतरत होतं. मी बाटली उचलून बाजूला ठेवली, कागद पुसले, वर माझ्या चपला ठेवल्या.

भिंगरीला घरी ठेवायला कोणी नव्हतं, म्हणून बरोबर आणली होती. आईचा हात सोडून ती पुढे जाऊन उभी राहिली, सिस्टरच्या शेजारी. सिस्टर घोषणा देते, मग बाकीचे ओरडतात, मूठ वर करून. भिंगरी सिस्टरचं तोंड बघते, मग मागे वळून आमची तोंडं बघते, मग मूठ वर करते आणि ओरडते. म्हणजे सगळ्यांचं ओरडून संपलं की मग हिचं सुरू होतं. शब्दही आता अर्धेच नीट लागतात. 'लस' म्हणते, पुढचं सगळं एकमेकांत गेलेलं. आणि आवाज मोठा. किती मोठा ते तिला कळत नाही.

दोनतीनदा असं झालं तेव्हा मागचे हसले, कौतुकाने. मग हसायचे थांबले. मग ओरडायचेही थांबले, एकेक करून. सिस्टरने मूठ खाली घेतली. रस्त्यावरची दोनचार माणसं उभी राहिली. खिडक्यांतली हलली नाहीत.

भिंगरी काचेकडे तोंड करून उभी होती, म्हणून मागे काय झालं ते तिला दिसलं नाही. ती ओरडत होती. एकटी. सूनबाई माझ्याकडे बघत होती, मी उठून पोरीला थांबवेन म्हणून. खांद्याला हात लावला तरच तिला कळतं की बाकीचे गप्प झालेत.

मी लावला नाही.

ताई